हे खरे आहे काय? ग्रामीण आमदारांसाठी प्रश्न विचारण्याची मार्गदर्शिका

ग्रामीण भागातून पहिल्यांदाच निवडून आलेल्या आमदाराला सत्कार कसा स्वीकारावा, नारळ कसा फोडावा आणि एका मुहूर्तावरच्या चार लग्नांना हजेरी कशी लावावी, हे शिकवावे लागत नाही. प्रश्न कसा विचारावा हे मात्र कोणी शिकवत नाही. मग मुंबईच्या किंवा नागपूरच्या अधिवेशनात तोंडी उत्तराचे तारांकित प्रश्न, लेखी उत्तराचे अतारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा अशी सगळी आयुधे पुढ्यात आली की नवखा माणूस बिचकतो. त्याहून वाईट म्हणजे, एखादा त्यातले एक खरोखरच चालवून बसतो. असे अपघात टाळावेत, एवढाच या मार्गदर्शिकेचा माफक हेतू आहे. तिचा पाया एका साध्या तत्त्वावर उभा आहे. प्रश्न विचारला जावा, छापला जावा, त्याची चित्रफीत मतदारसंघातल्या झाडून सगळ्या गटांवर फिरावी. फक्त सरकारवर उत्तर देण्याची वेळ येऊ नये. हे वाटते तितके अवघड नाही, कारण यातले निम्मे काम सरकार करत नसून प्रश्नाचा मसुदाच करतो.

छापील प्रश्नाचा साचा पाहा. सुरुवातीला सदस्यांची नावे, कंसात मतदारसंघ. मग अमुक खात्याचे मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, असे विचारून एकाखाली एक कलमे. पहिले कलम बहुतेक वेळा ‘हे खरे आहे काय’ या शब्दांवर संपते. दुसरे ‘असल्यास’ने सुरू होते, आणि शेवटचे ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ असे असते. म्हणजे सारी मदार पहिल्या कलमावर. ते कोसळले की खालची सगळी कलमे ‘प्रश्न उद्भवत नाही’ या तीन शब्दांत गारद होतात. तेव्हा पहिल्या कलमात शक्य तितकी विशेषणे भरावीत. ‘तालुक्यातील सर्व शेतकऱ्यांमध्ये तीव्र असंतोष पसरून ते देशोधडीला लागले आहेत, हे खरे आहे काय?’ यावर ‘हे खरे नाही’ असे उत्तर देताना कोणत्याही कक्ष अधिकाऱ्याचा हात थरथरणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही. तालुक्यात एक जरी शेतकरी संतुष्ट असला तरी उत्तर तंतोतंत खरे ठरते. थोडी विविधता हवी असल्यास एकाच कलमात दोन गोष्टी जोडाव्यात, एक खरी आणि एक ऐकीव. उत्तर येईल, ‘हे अंशतः खरे आहे.’ कुठला अंश, हे विचारायला पुढचे अधिवेशन आहेच.

शेतीच्या प्रश्नात ही कला विशेष खुलते, कारण तिथे योजना पिकापेक्षा लवकर बदलतात. पीक विम्याचे घ्या. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एका रुपयात विमा होता. २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला आणि शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकांना ५ टक्के असा झाला. नुकसान झाल्यावर ७२ तासांत पूर्वसूचना देण्याची जी धावपळ शेतकऱ्याच्या अंगवळणी पडली होती, तीही निकालात निघाली. भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर ठरू लागली. सावध आमदाराने अर्थातच जुन्याच योजनेवर प्रश्न टाकावा. पूर्वसूचना देऊनही पंचनामे झाले नाहीत, हे खरे आहे काय? तशी तरतूदच उरली नसल्याने प्रश्न उद्भवत नाही. आणि विचारू नये असा प्रश्न कोणता? अमुक महसूल मंडळात सोयाबीनचे पीक कापणी प्रयोग कोणत्या गटांत, कोणत्या तारखांना झाले, त्या वेळी बांधावर कोण हजर होते आणि वजन किती भरले. या प्रश्नात एकही विशेषण नाही, त्यामुळे नाकारण्यासारखेही काही नाही. कृषी सहायकापासून कंपनीच्या प्रतिनिधीपर्यंत प्रत्येकाला आपली सही शोधत बसावे लागेल. असला प्रश्न म्हणजे निव्वळ उपद्रव.

हमीभावाचेही तसेच. सोयाबीन हमीभावापेक्षा कमी दराने विकले जाते काय, असे विचारले की सरकार किती खरेदी केंद्रे उघडली ते सांगते. केंद्रावर आलेला माल १२ टक्क्यांहून जास्त ओलावा म्हणून किती वेळा परत गेला, हे कोणी विचारत नाही म्हणून सरकारही सांगत नाही. या देवाणघेवाणीत दोघांचाही मान राखला जातो. त्यात काळही मदतीला असतो. परतीच्या पावसाने भिजलेल्या पिकाचा प्रश्न नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुकारला जाईपर्यंत शेतात हरभरा उगवलेला असतो, आणि माहिती गोळा करण्यात येत आहे असे उत्तर आले तर अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत तोही काढून होतो.

आता शाळा आणि एसटी. या मार्गदर्शिकेतला सर्वांत महत्त्वाचा नियम इथेच येतो: एका प्रश्नात एकच खाते. उदाहरणार्थ, समजा एक डोंगरकपारीची वाडी आहे आणि तिथल्या जिल्हा परिषद शाळेचा पट वीसच्या खाली गेला आहे. राज्यात अशा शाळा हजारोंनी आहेत, आणि २०२३ पासून त्यांच्या जागी अनेक छोट्या शाळा एकत्र करणाऱ्या समूह शाळांचा विचार पुढे रेटला जातो आहे. पुढच्याच वर्षी, १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर होतात त्याचे, निकष बदलले आणि कमी पटाच्या शाळांतल्या शिक्षकांच्या पदांवर टांगती तलवार आली. शेवटी वाडीतली शाळा शेजारच्या मोठ्या गावातल्या शाळेला जोडली जाते. आमदार शालेय शिक्षण मंत्र्यांना विचारतो, वाडीतली मुले शिक्षणापासून वंचित आहेत, हे खरे आहे काय? हे खरे नाही; मुले त्या मोठ्या गावातल्या शाळेत पटावर आहेत. मग तो परिवहन मंत्र्यांना विचारतो, विद्यार्थिनींना एसटीचा मोफत पास मिळत नाही, हे खरे आहे काय? हेही खरे नाही. अहिल्याबाई होळकर योजनेतून पास दिलेला आहे, मुलीच्या दप्तरात आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत वाडी बसत असेल तर मुलींसाठी निळ्या बसचीही सोय कागदावर आहे. मग त्या गावाला जाणारी सकाळची गाडी का बंद झाली? भारमान, म्हणजे गाडीतले प्रवासी, कमी असल्याने. भारमान कमी का? कारण शाळेच्या वेळेला न जुळणारी गाडी कोणी धरत नाही. वेळ का जुळत नाही? ती आगाराच्या सोयीने ठरते, आणि आगाराकडे गाड्या अपुऱ्या आहेत. कोविडआधी महामंडळाच्या ताफ्यात सतरा-अठरा हजार गाड्या होत्या, पुढे तो आकडा चौदा-पंधरा हजारांवर घसरला. रात्री वाडीत थांबून सकाळी निघणारी मुक्कामी गाडी गेली ती याच ओढाताणीत.

या सगळ्यात कोणी खोटे बोललेले नाही, हे ध्यानात घ्यावे. मुलगी पटावर आहे, पास दप्तरात आहे, योजना चालू आहे. ती फक्त शाळेत पोचत नाही, आणि न पोचण्याला खाते नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांनी प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असावी, नसेल तर वाहतुकीची सोय सरकारने करावी, असे धरले आहे. म्हणजे शाळा हलवण्याचा निर्णय हा मुळात बसचाही निर्णय असतो. पण दोन मंत्र्यांना एकाच प्रश्नात बांधायची पद्धत नाही, आणि ती पाडूही नये. ‘वाडीतली शाळा जोडली त्या दिवशी तिच्या वाटेवर किती फेऱ्या होत्या, आज किती आहेत, आणि गेल्या सहा महिन्यांत त्या किती दिवस रद्द झाल्या?’ असे कोणी विचारले तर ते आगाराच्या नोंदवहीतून तासाभरात निघेल. इतक्या लवकर निघणारे उत्तर सभागृहाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. त्यापेक्षा सवलतींवर प्रश्न विचारावा. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास, २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. लाभार्थ्यांचा आकडा मोठा येतो आणि मंत्रिमहोदय प्रसन्न होतात. गाडी आलीच नाही तर सवलत कशावर मिळते, हा तपशील आकड्यात मावत नाही.

काही वाईट उदाहरणे मात्र समोर ठेवलेली बरी. सांगोल्याचे गणपतराव देशमुख आयुष्याचा मोठा काळ विरोधी बाकांवर बसून पाणी आणि शेतीच्या प्रश्नांचा पिच्छा पुरवत राहिले. परिणाम काय, तर अकरा वेळा निवडून येण्याची दगदग. अमरावतीचे बी. टी. देशमुख विधान परिषदेत विदर्भाच्या अनुशेषाचे आकडे, राज्यपालांचे निर्देश आणि अंदाजपत्रकाची पाने घेऊन उभे राहत, तेव्हा मंत्र्याला घरचा अभ्यास करून यावे लागे. लोकसभेत रायबरेलीच्या फिरोझ गांधींनी तर हद्दच केली. आयुर्विमा महामंडळाने कोणत्या कंपन्यांचे शेअर का घेतले, असल्या कोरड्या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पद सोडावे लागले, तेही स्वपक्षाच्या सरकारात. तिघांचा दोष एकच: ते मागचे उत्तर वाचून पुढचा प्रश्न लिहीत.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की आमदाराच्या हाती असते तरी काय. प्रश्न द्यायचा अधिवेशनाच्या कितीतरी आधी, त्याचा क्रम ठरणार सोडतीत, प्रश्नोत्तरांचा तास एक आणि त्यातला निम्मा गोंधळात. हे खरे आहे, आणि अंशतः नव्हे, पुरते खरे आहे. पण पुकारल्या न गेलेल्या तारांकित प्रश्नाचेही लेखी उत्तर छापून येते, अतारांकिताचे तर येतेच. सभागृह बंद पडले तरी छापखाना चालूच असतो. म्हणून नेमका प्रश्न गोंधळातही जिवंत राहतो, आणि म्हणूनच या मार्गदर्शिकेचा कटाक्ष बोलण्यावर कमी आणि मसुद्यावर जास्त आहे. दुसरा आक्षेप सत्ताधारी बाकांवरून येतो: आपल्याच मंत्र्याला अडचणीत कशाला आणायचे, एक फोन केला की काम होते. होते, यात वाद नाही. मात्र फोनवर झालेले काम पुढच्या आमदाराच्या फोनवर रद्दही होते, कारण त्याची नोंद कुठेच नसते. सुरू झालेली फेरी पुन्हा बंद व्हावी, अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी फोनच करावा.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. लोक प्रश्नांवर मत देत नाहीत, ते रस्त्यावर, सभामंडपावर आणि हायमास्ट दिव्यावर देतात. वर्षाला पाच कोटींचा आमदार निधी त्यासाठीच आहे. हिशेब मात्र तपासून पाहावा. या निधीतून शाळेला खोली बांधता येते, शिक्षकाचे पद भरता येत नाही. बसथांब्याला निवारा बांधता येतो, बस आणता येत नाही. त्यामुळे अनेक फाट्यांवर आमदाराच्या नावाची पाटी असलेला सुबक निवारा दिसतो, त्यात बाकडे असते, बाकड्यावर मुली बसलेल्या असतात आणि समोरून खासगी वडाप भरून जाते. पद भरणे, फेरी लावणे, पीक कापणीची नोंद दाखवणे ही कामे सरकारच्या खर्चाची आणि सरकारच्या जबाबदारीची आहेत. त्यांचा तगादा लावायला आमदाराकडे निधीपेक्षा प्रश्नच अधिक उपयोगी आहे. निवारा बांधून प्रश्न टाळता येतो, ही सोय मात्र मोलाची आहे.

उपप्रश्नांबाबत दोन शब्द. मूळ प्रश्न कितीही निरुपद्रवी असला तरी उपप्रश्नात दगा होऊ शकतो, म्हणून उपप्रश्न विचारताना भाषणच करावे. छत्रपतींपासून सुरुवात करून बळीराजापर्यंत यावे. तेवढ्यात अध्यक्ष ‘प्रश्न विचारा’ म्हणतात, आणि चित्रफितीला लागणारे मिनिट तोवर भरलेले असते. चुकूनही ‘कोणत्या तारखेपर्यंत?’ असे विचारू नये. मंत्र्याने घाईत तारीख दिलीच तर ते आश्वासन ठरते, आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळात वेगळी समिती आहे, आणि मग एका गाडीसाठी सचिवांना साक्षीला यावे लागते.

शेवटची खबरदारी मतदारांबाबत. प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतात, शुद्ध मराठीत असतात, आणि आपल्या आमदाराने नेमके काय विचारले व त्याला काय उत्तर आले ते कंसातल्या मतदारसंघाच्या नावावरून कोणालाही शोधता येते. पारावर बसून मोबाइल चाळणारी पोरे अजून त्या पानापर्यंत पोचलेली नाहीत; ती पोचू नयेत, एवढे सर्व सन्माननीय सदस्यांनी पाहावे.