चार ओमचे अप्पा

जळगावात रिंग रोडच्या अल्याड-पल्याड कुठल्याही कॉलनीत जा, नाहीतर धुळ्यात देवपुरात जा. एक घर असं सापडतंच, ज्याच्या गच्चीवरच्या खोलीच्या खिडक्या बारा महिने बंद असतात. त्या खोलीत एक अप्पा राहतात. म्हणजे जेवायला खाली येतात, झोपायलाही येतात. पण राहतात तिथेच. बाहेर गच्चीवर बिबड्या वाळत असतात आणि आत होम थिएटर ‘सेट’ होत असतं. सेट झालं, असं कुठल्याही अप्पांच्या तोंडून अजून कुणी ऐकलेलं नाही.

आमच्या अप्पांची मोटरपंपाची एजन्सी आहे. शेतकरी दुकानात शिरून “साडेसातची मोटर द्या” म्हणाला, की अप्पा त्याला बसवतात, चहा सांगतात आणि उलटतपासणीला लागतात. पाणी किती फुटांवर? पाइप किती इंची? रात्री व्होल्टेज काय मिळतं? केळीला द्यायचं की कपाशीला? “नुसता एचपी विचारून मोटर नेणारा मोटर जाळतो,” हे त्यांचं वाक्य दुकानातल्या पोऱ्यालाही पाठ आहे. हेच अप्पा स्वतः गिऱ्हाईक होऊन मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला : “किती वॅट?”

खरं तर स्पीकर आधी आले. त्याला कारण धुळ्याचे साडू. साडूंनी स्पीकर घेतले म्हटल्यावर अप्पांना त्याहून उंच, त्याहून जड आणि त्याहून विलायती घेणं भागच होतं. आले ते छातीइतके उंच, चार ओमचे आणि ८६ डेसिबलचे. “हे चालवायला फार अवघड आहेत,” असं अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ऐकणाऱ्याला ही तक्रार वाटे. अप्पांना ती पदवी होती.

मग अँप्लिफायर आला. खोक्यावर ठळक अक्षरांत : १५० वॅट, सात चॅनल. अप्पांनी पाढे म्हटले आणि हजार पन्नास वॅट घरी आल्याचं जाहीर केलं. दीडशेच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत जे छापलेलं असतं, ते वाचायला त्यांना पुढे नवा चष्मा करावा लागला : सहा ओमवर, एकच चॅनल चालू असताना, आवाज दहा टक्के फाटेपर्यंत. सातही चॅनल एकदम बोलू लागले, की प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा तिसरा हिस्सा आला तरी पुष्कळ. त्यात स्पीकर चार ओमचे. आठ ओमचा स्पीकर जेवढा करंट मागतो, त्याच्या दुप्पट चार ओमचा मागतो. आणि खर्जात काही स्पीकर तीन ओमपर्यंतही उतरतात. तेवढा करंट द्यायचा, तर आत दणकट ट्रान्सफॉर्मर हवा. म्हणून अप्पा आता कुठल्याही अँप्लिफायरची किंमत विचारण्याआधी वजन विचारतात. सराफ्याच्या गावात हे कुणाला वावगं वाटलं नाही.

सिनेमा सुरू झाला, की पहिला तासभर सारं उत्तम चाले. डायनासोर यायचा, कुंपण तुटायचं, आणि नेमक्या त्या क्षणी अँप्लिफायरचा दिवा लुकलुकून सगळं बंद. डायनासोर मुक्याने धावायचा. आत्मसंरक्षणाची ही सोय कंपनीने मुद्दाम ठेवलेली असते. पण अप्पांना तो भ्याडपणा वाटे. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ ला टेकला, तेव्हा तर अँप्लिफायर नावं संपेपर्यंतही टिकेना. अप्पांनी त्या खोलीत एसी बसवला. खाली त्यांच्या आईला अजून कूलर आहे. “मी मेले तरी गरम होऊन बंद पडत नाही ना,” असं आजी म्हणाल्या, त्यावर अप्पांकडे तांत्रिक उत्तर नव्हतं.

मागच्या बाजूला ओमचं एक बटण सापडलं, तेव्हा अप्पांनी पेढे वाटले. ते चारवर केलं आणि अँप्लिफायर खरोखरच गार राहिला. कारण ते बटण आतलं व्होल्टेजच आवळून टाकतं. अँप्लिफायर गार, सिनेमाही गार.

मग संशय जळगावच्या करंटवर गेला. एका रविवारी स्पीकर आणि अँप्लिफायर गाडीत घालून एरंडोल-पारोळ्यामार्गे धुळे गाठलं. मागच्या सीटवर अँप्लिफायरला पट्टा बांधला होता, वहिनी विनापट्टा. धुळ्यातही डायनासोर त्याच जागी मुका झाला. साडू शेवभाजीत भाकरी कुस्करत शांतपणे म्हणाले, “अप्पा, वीज दोन्हीकडे महावितरणचीच आहे.”

परतले त्या रात्री गल्लीत हळद होती. डीजेने भिंतींचे पोपडे काढले. पुतण्या म्हणाला, “अप्पा, तुमच्या पैशात अख्खा डीजे आला असता.” अप्पांनी त्याला गच्चीवर बसवून हिशेब शिकवला : तीन डेसिबल वाढवायचे तर वॅट दुप्पट लागतात. १०४ डेसिबलचा भोंगा एका वॅटमध्ये जे करतो, त्याला आपल्या स्पीकरला चौसष्ट वॅट लागतात. पुतण्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि नाचायला खाली गेला.

तोडगा अखेर दुकानात निघाला. चोपड्याकडचे एक नाना मोटर न्यायला आले होते. त्या दिवशी अप्पांनी त्यांना काही विचारलंच नाही. उलट स्वतःचंच दुखणं सांगत बसले. नानांनी तंबाखू मळत ऐकलं आणि विचारलं, “अप्पा, सातही व्हॉल एकदम खोलतस का?”

“हो.”

“मंग पानी कसं पुरी? पुढला दोन व्हॉलले येगळी मोटर टाका.”

अप्पा खुर्चीतून उठले. समोरच्या दोन जड स्पीकरना स्वतंत्र पॉवर अँप्लिफायर, आणि जुन्याकडे फक्त बाकीचे पाच, इतकं सोपं! जुन्याच्या पाठीला त्यासाठीची भोकंही होती. गिऱ्हाइकाला रोज सांगायचं ते स्वतःला सांगायला चोपड्याहून माणूस यावा लागला. अर्थात, आठवडाभरात हा सल्ला अप्पांचाच होऊन गावभर फिरू लागला, आणि साडूंना तो फोनवर एक तास मिळाला.

नवा अँप्लिफायर आला. वजन अठ्ठावीस किलो. उद्घाटनाला नानांना मानाने बोलावलं. कुंपण तुटलं, डायनासोर गरजला, दिवा लुकलुकला नाही. नानांनी मान डोलावली आणि विचारलं, “यावर आपलं अहिराणी गानं लागी का?”

अप्पांचा नाइलाज झाला. मोबाइल जोडून लग्नाचं एक गाणं लावलं. ढोल वाजला, पावरी वाजली. जिन्यात पावलं वाजली. वहिनी वर आल्या, पाठोपाठ हात धरून आजी आल्या, पुतण्या दारात उभा राहून पाय हलवू लागला. त्या खोलीत घरातलं कुणी आपणहून आल्याची ही पहिलीच वेळ. वहिनी खाली बसल्या आणि म्हणाल्या, “अहो, जरा वाढवा ना आवाज.”

अप्पांनी गाणं बंद केलं.

“हे यूट्यूबवरचं आहे,” ते कळवळून म्हणाले, “हे यावर ऐकायचं नसतं.”