डासांचे डॉक्टर

शिरूर-दौंड पट्ट्यातला शिकलेला मुलगा म्हणजे एक तर साखर कारखान्यात केमिस्ट, नाही तर रांजणगावच्या एमआयडीसीत सुपरवायझर, असा जुना हिशेब होता. हल्ली त्यात एक तिसरा प्रकार आला आहे : पीएचडी करणारा. असा एखादा आता बऱ्याच गावांत सापडतो. न्हावरा-चौफुला रस्त्यावरचा आमचा नमुना मात्र दुर्मिळ, कारण त्याचा विषय आहे जनुक बदललेले डास. गाव त्याला 'डॉक्टर' म्हणतं. पदवी मिळायची आहे अजून, पण तोवर थांबायला गावाला वेळ नाही.

डॉक्टर शनिवारी पुण्याहून येतात. उसातून आलेले डास ओट्यावर चावायला लागतात आणि कुणी तरी फाडकन मांडीवर हात मारतो. बाकीचे लोक हात झटकतात. डॉक्टर ते कलेवर तळहातावर घेऊन उजेडात नेतात. "मिशा झुपकेदार असत्या तर नर. ही मादी. नर नुसता गोडावर जगतो, रक्त पिते ती मादीच." आजोबा समाधानानं मान डोलावतात. आतून भांडं आपटल्याचा आवाज येतो.

पंक्चरच्या दुकानासमोर ते स्वतःहून थांबतात आणि जुन्या टायरमधलं पाणी ओतून देतात. डेंग्यूचा एडिस डास साठलेल्या पाण्याच्या काठाला अंडी घालतो, पाणी आटलं तरी ती अंडी महिनोन्‌महिने तग धरतात, हे सगळं ते दुकानदाराला समजावतात. दुकानदाराला ते आरोग्य खात्याचे वाटतात. तो मुकाट्यानं चहा मागवतो.

दौंडला मुलगी पाहायला गेले तो प्रसंग तालुक्यात अजून सांगितला जातो. मुलीचे मामा रेल्वेतले, सरळ माणूस. त्यांनी पोह्यांची बशी हातात असताना विचारलं, "नेमकं करता काय?" अशा वेळी "रिसर्च" एवढं बोलून लाडू उचलायचा असतो. डॉक्टरांनी पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. नरात एक जनुक घालायचं. प्रयोगशाळेत टेट्रासायक्लिन मिळतं तोवर त्याच्या अळ्या जगतात. मग नर बाहेर सोडायचा. तो बाहेरच्या मादीशी जमवतो आणि त्यांची पोरं वयात यायच्या आत मरतात.

"सगळी?" मामांनी विचारलं.

"जवळजवळ सगळी," डॉक्टर अभिमानानं म्हणाले.

"आणि नराचं काय?"

"तोही थोड्याच दिवसांचा."

मुलीच्या आईनं कांदेपोह्यांची परात आत नेली. 'कळवतो' असा निरोप गाडी चौफुल्याला पोचायच्या आत आला.

पण माणसाचा खरा कस ग्रामसभेत. डेंग्यूची साथ होती, लोकांना धुराची फवारणी हवी होती. डॉक्टर उभे राहिले. धुरानं उडणारा डास मरतो, हौदातली अळी तशीच राहते, हे त्यांनी सांगितलं तोवर आशाताईंनीही मान हलवली. मग ते म्हणाले, यापेक्षा दर आठवड्याला हजारो नर सोडावेत. सरपंचांना ऐकूच नीट आलं नसावं. "डास फार झालेत म्हणून सभा बोलावली, आणि तू आणखी आणतोस?" सदस्यांनी समंजस तोडगा काढला : आधी पलीकडच्या वॉर्डात सोडा.

डॉक्टरांनी दाखले काढले. ब्राझीलमध्ये सोडलेत, २०२१ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात सोडलेत. आपल्याकडे जालना जिल्ह्यात दावलवाडीला २०१७ मध्ये ऑक्सिटेक आणि जीबीआयटी या कंपन्यांनी चाचणी सुरू केली, पण पिंजऱ्यांत, उघड्यावर नाही. मागच्या बाकावरून निवृत्त गुरुजी म्हणाले, "आणि सोनीपत?" सोनीपतला डास सोडायच्या तयारीत असलेला, जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर यांचा दिल्लीतला डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्प १९७५ मध्ये गुंडाळावा लागला, कारण त्यामागे अमेरिकेचं जंतुयुद्ध असल्याचा संशय वर्तमानपत्रांत आणि संसदेत गाजला. डॉक्टरांचा चेहरा उजळला. आपल्या सिनॉप्सिसमधला मजकूर माहीत असलेला माणूस त्यांना गाइडनंतर प्रथमच भेटत होता.

तेवढ्यात पोल्ट्रीवाला उठला. कधी न बोलणारा माणूस. "ते टेट्रासायक्लिन मिळालं की तुझी पोरं जगतात ना? आमच्या कोंबड्या आजारी पडल्या की आम्ही तेच देतो. शेडमागं ड्रमात पाणी साठतं. त्यात ती जगतील की!"

डॉक्टर पहिल्यांदाच गप्प झाले. एडिसला घाण पाणी आवडत नाही, औषधाचा तेवढा अंश पाण्यात उतरणार नाही, असं काहीबाही त्यांनी सांगितलं, पण वही काढून प्रश्न लिहूनही घेतला. जगभरच्या टीकाकारांनी हीच शंका घेतली होती, आणि कंपनीच्या शास्त्रज्ञांना तिची उत्तरं द्यावी लागली होती. पोल्ट्रीवाल्यानं ती एकही कागद न वाचता काढली.

फवारणीचा ठराव एकमतानं पास झाला. डॉक्टरांच्या प्रबंधात मात्र एक प्रकरण वाढलं आणि सबमिशन पुन्हा पुढं गेलं. गाइडनं विचारलं, प्रश्न कुठून आला? "फील्डवर्कमधून," डॉक्टर म्हणाले. ऋणनिर्देशात नाव घालतो, असं त्यांनी पोल्ट्रीवाल्याला कबूल केलंय. तो आता दर शनिवारी एवढंच विचारतो, की नावाखाली 'गावरान अंडी होलसेल दरात मिळतील' आणि मोबाइल नंबर बसेल का.