तराफा घेणे आहे

मिनेसोटात राहून बोट नसणं म्हणजे पुण्यात राहून मत नसण्यासारखं आहे. या राज्यात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत. बर्फ वितळायचा अवकाश, की गल्लीतला प्रत्येक सभ्य गृहस्थ ट्रेलरभोवती फडकं घेऊन फिरू लागतो आणि आपल्याला विचारतो, "मग, यंदा?"

यंदा घ्यायची ठरली, आणि घ्यायची तर पाँटूनच, हे आईमुळे ठरलं. साध्या बोटीत पाय टाकला की ती एका अंगाला कलते. आईने तो अनुभव एकदा घेतला आणि तेव्हापासून तळ्याला ती किनाऱ्यावरूनच नमस्कार करते. पाँटूनचं तसं नाही. खाली दोन बाजूंना अॅल्युमिनियमचे दोन लांबलचक हवाबंद नळे, वर सपाट डेक, भोवती कठडा आणि कठड्याला चक्क फाटक. नळ्यांच्या आत वेगवेगळे कप्पे असतात, एकात पाणी शिरलं तरी बाकीचे तारून नेतात. अण्णांनी शोरूममध्ये वाकून नळ्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "ही तर सांगड!" त्यांच्या लहानपणी कृष्णेच्या काठची माणसं वाळक्या भोपळ्यांच्या सांगडीवरून नदी ओलांडत. मग त्यांनी किमतीचं लेबल वाचलं. "भोपळे फुकट मिळायचे," ते म्हणाले.

मी हे विक्रेत्याला भीतभीतच सांगितलं, तर त्याची कळी खुलली. मिनेसोटातल्याच रिचमंड गावचा अँब्रोज वीरेस नावाचा शेतकरी. त्याने १९५२ साली लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून दोन रांगा केल्या, त्यांवर लाकडी फळ्या ठोकल्या आणि तो तराफा तळ्यात सोडला. पुढे त्याचा कारखानाच झाला. "शेतकरी होता ना? मग हरकत नाही," अण्णा म्हणाले आणि एका सोफ्यावर जाऊन बसले. त्यांच्यापुरती खरेदी तिथेच संपली होती.

बाकीच्यांची सुरू झाली. चिरंजीवांना दीडशे अश्वशक्तीचं इंजिन आणि तीन नळ्यांची बोट हवी होती. नव्वदात वॉटरस्कीइंग जमत नाही म्हणे, आणि वॉटरस्कीइंगचा जन्मच मुळी इथला, १९२२ सालचा, लेक पेपिनवरचा, तेव्हा राज्याच्या इज्जतीचा प्रश्न आहे. अण्णांनी सोफ्यावरूनच विचारलं, "एवढी घाई कशाला? पलीकडचा काठ कुठे पळून चाललाय?" याला चिरंजीवांकडे उत्तर नव्हतं. मला बरं वाटलं, कारण तीन नळ्यांची किंमत मी आधीच वाचली होती.

मग विक्रेत्याने मासेमारीच्या मॉडेलमधलं एक झाकण उचललं. आत टाकी. पकडलेले मासे जिवंत राहावेत म्हणून तिच्यात पाणी खेळतं ठेवतात. माझी आई माळकरी, बायको मालवणची. दोघी एकाच वेळी वाकल्या. "ताकाला बरी आहे," आई म्हणाली. "वॉलाय किती मावतील?" बायकोने विचारलं. वॉलाय हा इथला राज्यमासा, आणि रव्यात घोळवून तळला की तिला माहेरची आठवण येते. घरातली शांतता टिकावी म्हणून ते मॉडेल बाद झालं. बायकोने फारशी कुरकुर केली नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. गळ काय, कुठल्याही बोटीतून टाकता येतो.

आईचा खरा प्रश्न वेगळा होता आणि तो तिने बराच वेळ दाबून धरला होता. शेवटी तिने बायकोला खूण केली, बायकोने मला, मी विक्रेत्याला. त्याने हसून कोपऱ्यातली एक बैठक उचलली, आतली कडी ओढली, आणि फटकन् कापडी पडद्यांची एक उभी खोली उघडली. कपडे बदलायला हिचा उपयोग होतो, आणि आत फिरतं कमोड ठेवता येतं. आई आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मग आतून आवाज आला, "पडदा जाड आहे. पण सगळ्या तळ्याला कळणार, आत कोण आहे ते."

खर्चाचं मी जरा आवरतं घेतो. इथे तळं हिवाळाभर गोठलेलं, म्हणजे बोट प्लास्टिकमध्ये गुंडाळून कुठेतरी भाड्याने ठेवायची. बाहेर काढली की तळाचं बूच काढून सगळं पाणी सोडून द्यायचं, हा तर कायदाच. नाहीतर झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात पसरतात. "तिसऱ्यांसारखे करता येतात का?" बायकोने विचारलं. ते नखाएवढे असतात, असं कळल्यावर तिचा त्यातला रस संपला.

घोडं अडलं ते लांबीवर. मला बावीस फुटी हवी होती. सुकाणूजवळ एक पट्टी असते, बोटीत किती माणसं आणि किती वजन चालेल ते सांगणारी. बावीस फुटीवर बारा माणसं होती, वीस फुटीवर दहा माणसं किंवा १५०० पौंड. आईने लगेच भागाकार केला. माणशी दीडशे पौंड, म्हणजे अडुसष्ट किलो. "इथे अडुसष्टात कोण बसतंय?" ती म्हणाली आणि शोरूममध्ये सर्वांसमक्ष एकेकाला वजन विचारत सुटली. विक्रेत्यालाही विचारलं. त्याने सांगितलंही बिचाऱ्याने.

"वीस फुटीच घ्या," बायको म्हणाली. "आपण सहा, आणि आईंचे डबे म्हणजे आणखी तीन माणसं. बारांची घेतली तर मंडळातल्या लोकांना बोलवावं लागेल, नाही बोलावलं तर फोटो दिसतील. दहात बसत नाही म्हटलं की संपलं. बोटीवरच छापलंय." मी याचा इंग्रजीत गोषवारा दिला. विक्रेता म्हणाला, "हा वेगळाच विचार आहे." मिनेसोटाचा माणूस याहून कडक बोलत नाही.

वीस फुटी आली. पहिला फोन शनिवारी सकाळीच वाजला. "आम्ही पाचच आहोत हो, त्यात दोन तर कडेवरची!" कडेवरची असली तरी ती पट्टीवर धरायची असतात, आणि दहा वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घालायलाच लागतं, हे सगळं मी सांगणार होतो. बायकोने फोन माझ्या हातातून घेतला.

"या ना, अगदी अवश्य या," ती म्हणाली. "फक्त आईंशी बोलून घ्या. त्यांना सगळ्यांची वजनं लागतात."