पत्रा, चेसिस आणि वारस

कोपऱ्यावरच्या घरी परवा पुन्हा डेंटर येऊन गेला. वहिनींनी कुंपणाच्या तारेवर ओली चादर टाकता टाकता सांगितलं, आणि चादर पुरती पसरायच्या आत बातमी पसरून झाली होती.

"गुरुजी, त्या जीपच्या पत्र्यातून त्याचं बोट आरपार गेलं म्हनते!"

"पेचकस असेल, वहिनी. डेंटर लोक पेचकसानं टोचून पाहतात."

"बोट म्हना नाईतर पेचकस म्हना, आरपार गेलं का नाई? मोठ्या पोरानं तं त्याचा हातच धरला. हळू हळू, म्हने, बाबूजीची गाडी हाये."

बाबूजींची गाडी म्हणजे महिंद्राची उंच बोनेटची जीप. 1953 मध्ये अमेरिकेत विलिज कंपनीनं जीपला नवं हरिकेन इंजिन दिलं. ते जुन्यापेक्षा उंच होतं, म्हणून बोनेटही उचलावं लागलं. आपल्याकडे महिंद्रानं हीच सीजे-थ्री-बी पुढं वर्षानुवर्षं काढली. कोपऱ्यावरच्या जीपच्या आरसीवर साल आहे 1968. बाबूजी तेंदूपत्त्याचे ठेकेदार. मे महिन्याच्या उन्हात ती जीप पानं गोळा करायच्या या फळीवरून त्या फळीवर, अड्याळ काय, साकोली काय, अशी धूळ उडवत फिरायची. मागच्या बाकावर मुन्शी, त्याच्या मांडीवर हिशोबाच्या वह्या, आणि समोर बाबूजी एकटे. शेजारच्या सीटवर पानाचा डबा बसायचा, माणूस नाही. हे शेवटचं वहिनींनी सांगितलेलं आहे. माझी त्यांच्याशी इतकी सलगी नव्हती.

मग 2020 चा ऑगस्ट संपता संपता पूर आला. तिकडे मध्य प्रदेशात संजय सरोवराचं पाणी सोडलं, इकडे वैनगंगा फुगली, आणि आमच्या गणेशपुरात लोक पलंगावर पलंग रचून बसले. धान्याची पोती वर चढली, टीव्ही वर चढला. जीप कोण वर चढवणार? ती अंगणात पाण्याखाली उभी राहिली. पाणी ओसरल्यावर पाइप लावून धुतली, तेल बदललं, कार्बोरेटर साफ केला आणि दिवाळीआधी ती चालूही झाली. सगळ्या आळीनं टाळ्या वाजवल्या. चूक तिथंच झाली, असं भाऊंचं म्हणणं.

भाऊ म्हणजे वहिनींचे यजमान. गडेगावच्या अशोक लेलँडमधून निवृत्त झाले. उभी हयात ट्रकच्या गिअरबॉक्ससोबत गेल्यामुळे पत्रा या वस्तूबद्दल त्यांना फारसा आदर नाही. ते ओसरीतूनच बोलले.

"वरून धुतली तं काय होते जी? खालच्या पन्हाळीत गाळ तसाच रायला ना!"

जीपच्या फ्लोअरला खालून जोर यावा म्हणून पत्र्याच्या उलट्या पन्हाळी जोडलेल्या असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपच्या या पन्हाळींत तर लाकडाच्या पट्ट्या ठोकलेल्या असत. लाकूड एकदा भिजलं की पाणी धरून ठेवायचं आणि पत्रा आतून सडायला लागायचा. या जीपमध्ये लाकडाचं ते काम वैनगंगेच्या गाळानं केलं. वरचा रंग शाबूत, आणि जंग आतून बाहेर चालत आली. मध्ये कोणीतरी लंबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, हिरवा रंग मारून दिला होता. त्या दिवसांत जीप फार देखणी दिसायची. भाऊंनी तेव्हाच सांगितलं होतं, चुंबक लावून पाहा. जिथं चिकटणार नाही तिथं पत्रा उरला नाही, नुसती लंबी आहे. पण फुकटचा सल्ला कोण ऐकतो? डेंटरचंही पटलं नाही. मागच्या सीटखालच्या पेटीत पेचकस घुसला, तेव्हा पटलं.

आता घरात बाबूजींच्या दोन मुलांचे दोन पक्ष आहेत. धाकटा पुण्याला असतो. त्याचं म्हणणं, पूर्ण बॉडी काढा आणि नवी बसवा. हरियानात मंडी डबवाली नावाचं गाव आहे, तिथं जीपच्या अख्ख्या बॉड्या तयार मिळतात. त्यानं मोबाइलवर फोटोही दाखवले म्हणे: काळा रंग, हे एवढाले टायर, समोर दिव्यांची ओळ. ती घेऊन त्याला कोका अभयारण्यात पोरांना फिरवायचंय. मोठा इथंच असतो, राइस मिल बघतो. तो म्हणतो, बाबूजींच्या हाताचा पत्रा भंगारात देणार नाही, जेवढं सडलं तेवढंच कापून जोडा.

"यात धाकटा बरोबर हाये," भाऊ म्हणाले. "जीप अन् अॅम्बेसेडर एक नाई."

हे मात्र त्यांनी नीट समजावलं, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणात कामाचं बोलणं एवढंच झालं. जीपला खाली वेगळी चेसिस आहे, शिडीसारखी. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे सगळं तिला धरून आहे, आणि गाडीचा नंबरही तिच्यावरच ठोकलेला. बॉडी वर नट-बोल्टांनी बसवलेली. बोल्ट सोडले, वायरी सोडल्या, की चार माणसं ती उचलून अंगणात ठेवतात. शिवाय पत्रा सगळा सपाट. लढाईच्या घाईत झटपट निघावी म्हणूनच जीपचा आकार असा पेटीसारखा ठेवलेला. म्हणून तर डबवालीत गल्लोगल्ली ती बनवता येते. अॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांची गोष्ट वेगळी. त्यांना अशी वेगळी चेसिस नाही. बॉडीच सगळा भार वाहते. दाराखालची पेटी सडली की गाडीची पाठच मोडली. तिथं बॉडी बदलायची म्हणजे गाडीच बदलायची, आणि ते गोल गोल पत्रे काढायला मोठे प्रेस लागतात. अॅम्बेसेडर 2014 मध्ये बंद झाली, पद्मिनी त्याच्याही आधी. ज्यांच्या घरी त्या उभ्या आहेत, त्यांना डबवाली नाही.

"मग मोठ्याचं काय चुकलं?" मी विचारलं. "सडलं तेवढं कापा, हे तर शहाणपणाचंच आहे."

"गुरुजी, जुना पत्रा झाला पातळ. त्याले नवा जोडला का वेल्डिंगच्या बाजूचा पत्रा जळते. तो कापा, मंग त्याच्या बाजूचा. असं करत करत बोनेटपर्यंत येते मानूस. अन् डेंटरचं मीटर चालूच."

वहिनींना हे काही पटेना. त्या भंडाऱ्याच्या, पितळेच्या गावच्या. "आमच्या माहेरी घागर फुटली तं मोड द्याची अन् नवी आनाची. घागर नवी, पन पितळ जुनंच, आजीच्या हातचं. पत्र्याचं तसं होते का?" भाऊ म्हणाले, पत्रा भंगारात किलोनं जातो, आजीबिजी कोणी राहत नाही. वहिनी म्हणाल्या, मंग मोठा बरोबर हाये. घरातलं हे मतदान एकेक झालं.

मला या भांडणात कायदा घालावासा वाटला. शिक्षकाची खोड. केंद्र सरकारनं 2021 च्या जुलैमध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, 10 वर्षांची मुदत, पुढच्या नोंदणीला 5,000. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. मोठ्याला हे ऐकून स्वर्ग दोन बोटं उरला असेल. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे डबवालीची बॉडी चढवली की व्हिंटेजचं दार अडलं. आणि दुसरी गंमत, व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. मग कोक्याचं काय?

"धाकटा मोठे टायर लावून नेईन म्हनते," वहिनी म्हणाल्या.

तेही सोपं नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात सांगितलं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत बदल होईल असा फेरफार करता येत नाही. मोटार वाहन कायद्यात परवानगीशिवाय केलेल्या अशा प्रत्येक बदलामागे मालकाला 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टायर, दिवे, बंपर असं मोजत गेलं तर बॉडीपेक्षा दंडच जड व्हायचा. मूळ मापाची, मूळ आकाराची बॉडी, आरटीओला विचारून, मूळ रंगात बसवली तर बात वेगळी. माझं मत विचाराल तर मी तेच करीन: खालचा टब नवा, पण बोनेट, समोरची जाळी, मडगार्ड आणि काचेची चौकट जुनीच. जीप लांबून ओळखू येते ती तोंडावरून. फ्लोअर कोण बघतं? व्हिंटेजची पाटी मिळणार नाही. न मिळो. पाटी लावून अंगणात उभी ठेवायची असेल तर ती आत्ताही उभीच आहे.

"तुमचं मत कोनी इचारलं हो गुरुजी?" वहिनींनी सरळ विचारलं. नव्हतंच विचारलं.

इतक्यात भाऊ ओसरी सोडून कुंपणापाशी आले, आणि आवाज खाली करून खरी बातमी सांगितली. ती त्यांनी चादर, पेचकस, डबवाली, सगळं होईपर्यंत दाबून ठेवली होती. याला म्हणतात संयम.

"बॉडी कोनती का बसवा ना. आरसी कोनाच्या नावानं हाये?"

बाबूजींच्या. बाबूजी जाऊन बरीच वर्षं झाली, आणि कागदावर जीप अजून तेच चालवतात. आरटीओत बॉडीसाठी अर्ज करायचा तर तो मालकानं करायचा. मालक वारला तर वारसानं आधी गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. त्यासाठी नमुना 31 भरावा लागतो, बाकीच्या वारसांची संमती लागते. आणि इथंच गाडी अडली आहे, पुरापासून नाही, त्याच्याही आधीपासून. मोठ्याच्या नावावर केली तर धाकटा म्हणणार, शेतीतही असंच करणार का? धाकट्याच्या नावावर केली तर जीप पुण्याला जाणार. बालाघाटला दिलेली मुलगी आहे, तीही वारस. तिची सही मागायची तर तिच्या हिश्शाची बाकीची बोलणीही निघणार. मग काय करायचं? डेंटर बोलवायचा. दर वर्षी एक नवा डेंटर, पेचकस टोचून नवा आकडा सांगणार, त्या आकड्यावर दोघं भाऊ भांडणार, आणि नमुना 31 पुढच्या वर्षावर. पत्र्याचं भांडण परवडतं, कारण ते मिटलं तर खालचं भांडण उघडं पडेल.

"आणि आई?" मी विचारलं. "पहिली वारस तर त्या."

वहिनी हसायलाच लागल्या. त्यांच्याकडे हीसुद्धा बातमी तयार होती. परवा डेंटर गेल्यावर धाकट्यानं फोनवर आईला विचारलं म्हणे, तू सांग, जुनी ठेवू का नवी बसवू? तुझी सही तर लागेलच.

"बाई काय म्हनल्या, सांगू? म्हने, चाळीस वर्षं ती गाडी माझ्या अंगनात उभी रायली, पन तुज्या बापानं एकदाबी मले समोरच्या सीटवर बसवलं नाई. पहिले कोक्याले नेऊन आना मले, समोर बसवून. जुन्या पत्र्यात न्या का नव्या. मंग पाहू सहीचं."