पुस्तकात नाही

आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात वनस्पतिशास्त्राचे एक सर आहेत. अशा सरांची एक जातच असते. तुमच्याही कॉलेजात एखादे सापडतील. पाठ्यपुस्तक उघडलं की यांच्या कपाळाला आठी.

"ओकचं झाड कोणी पायलं का बे?"

वर्ग गप्प.

"मोह?"

सगळे हात वर.

"मंग?"

या "मंग"नंतर वर्ग निघतो तो थेट इटियाडोहच्या पाळीवर. गाढवी नदीवर गोठणगावजवळ 1970 साली झालेलं हे धरण. भर उन्हात पोरांना बसवून सर विचारतात, "हे इंजिनिअरनं बांधलं, कबूल. पण नवेगावचा बांध घालणाऱ्या कोलू पाटील कोहळ्याकडे कोणती डिग्री होती?" पोरं कोरसमध्ये म्हणतात, "पुस्तकात नाही!" आणि मागून एक आवाज हमखास येतो, "सर, हे पेपरात येते का जी?"

एकदा सरांनी एका वृद्ध ढीवराला व्याख्यानाला आणलं. शाल, नारळ, सगळं रीतसर. "बसून बोलू का उभ्यानं?" एवढं विचारून आजोबा सुरू झाले: कोणत्या गवताला मासा अंडी चिकटवतो, देवधान कुठं उगवतं, बेशरम माजली की तलावाचं काय होतं. त्यांची नात वर्गातच होती. आधी ओढणीआड तोंड लपवून बसली. नंतर सरांनी शिंगूर आणि मरळ या माशांची अदलाबदल केली, ती तिनंच उभं राहून दुरुस्त केली. सर इतके खूश, की जणू नोबेल मिळालं.

मानधनाच्या फॉर्मवर रकाना होता, 'शैक्षणिक अर्हता'. सरांनी लिहिलं, 'ढीवर'. फॉर्म परत. मग लिहिलं, 'तीन पिढ्या'. पुन्हा परत. शेवटी सरांनी खिशातून पैसे दिले आणि वर तेवढ्याच्या निम्मे आजोबांकडून झिंगे घेण्यात गेले.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं 'भारतीय ज्ञान प्रणाली' आणली, तेव्हा सरांनी पेढे वाटले. हाती आलेल्या पुस्तकात आर्यभट होता, चरक होता. ढीवर शोधत सर शेवटच्या पानापर्यंत गेले. "लंडन गेलं, उज्जैन आलं," सर म्हणाले, "आमचं गोठणगाव अजून बसस्टँडवरच उभं आहे."

मग सरांनी अंतर्गत परीक्षेत तलावावरच प्रश्न टाकला, आणि उत्तरं तपासायला आजोबांना वाचून दाखवली. आजोबांनी अर्धा वर्ग नापास केला. अंतर्गत परीक्षेत कोणी नापास होत असतं का? प्राचार्य वैतागले, पालक आले. हल्ली सर रोज संध्याकाळी पाळीवर दिसतात. पोरांचे गुण वाढवून द्या म्हणून आजोबांच्या विनवण्या चालू आहेत, आणि आजोबा जाळं विणता विणता म्हणतात, "मास्तर, मासा तसा सापडत नाही न बाप्पा."