सहर्ष सादर करीत आहोत

(रत्नागिरीजवळच्या एका घराची पडवी. मार्च संपत आलाय. गडी पेट्यांत गवत भरतायत. मजकूर लिहून देणारी मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली आहे. वेबसाइट सोमवारी सुरू व्हायची आहे.)

बागायतदार : हां, लिही. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून अस्सल, खात्रीशीर, दर्जेदार, जगद्विख्यात हापूस योग्य दरात मिळेल.'

मजकूरवाली : काका, ही लग्नपत्रिका की दुकानाची पाटी?

बागायतदार : काहीही समज. पण मान राखून लिहिलंय.

मजकूरवाली : 'अस्सल' काढू?

बागायतदार : अस्सल काढलंस तर पेटीत राहिलं काय?

मजकूरवाली : कर्नाटकातल्या आंब्याच्या पेटीवरही लोक 'अस्सल रत्नागिरी' छापतात. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तुमची नोंदणी आहे ना? तो नंबर टाकू.

बागायतदार : सर्टिफिकेट फ्रेम करून देवघरात लावलंय. गणपतीच्या मागे. आता तू काय लिहिलंयस ते दाखव.

मजकूरवाली : (उत्साहाने) 'आंबा नव्हे, एक भावना! मातीच्या कुशीतून तुमच्या मनापर्यंतचा सुगंधी प्रवास...'

बागायतदार : प्रवास टेम्पोने होतो. आणि भावनेचा डझनाचा भाव काय लावू?

मजकूरवाली : (पुसत) बरं. हे वाचणार कोण?

बागायतदार : अखिल मानवजात.

मजकूरवाली : मानवजातीचे फोन कुठून येतात?

बागायतदार : ठाणे, डोंबिवली, कोथरूड.

(फोन वाजतो.)

बागायतदार : बोला ताई... हिरवा? हिरवाच पाठवतो. पिकलेला गाडीत चेपतो. गवतातच राहू दे, आठ-दहा दिवस. रोज एकदा बघा, वास सुटेल... कुठे ठेवलात? फ्रिजमध्ये? अहो, काढा आधी बाहेर! कच्चा आंबा थंडीत नीट पिकत नाही, नुसता मलूल होतो. साल जरा सुरकुतली की कापा. सुरकुतली म्हणजे खराब नव्हे, तेव्हाच गोड असतो. आणि एखाद्यात साका निघाला, म्हणजे गर आत पांढरट, स्पंजासारखा, तर फोटो पाठवा, बदली देतो. तो बाहेरून मलाही दिसत नाही... हो, ठेवतो.

मजकूरवाली : (टाइप थांबवत) झालं मुख्य पान.

बागायतदार : हे? हे तर मी नुसतं बोललो! आणि साका? स्वतःच्या मालाचा दोष स्वतःच छापायचा?

मजकूरवाली : ताईंना सांगितलात की आत्ता.

बागायतदार : त्या एकट्या होत्या. तिथे जग वाचणार.

मजकूरवाली : तिथेही रात्री अकराला एक बाईच वाचत असेल, समोर हिरवी पेटी ठेवून.

बागायतदार : (बराच वेळ सुपारी कातरून) मग साका कशाने होतो तेही घाल. काढलेला आंबा तापल्या जमिनीवर पडून राहिला की त्याचा धोका वाढतो. आम्ही सकाळीच काढतो, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याने. देठासकट उतरतो, म्हणजे चीक सालीवर ओघळत नाही. काढला की लगेच सावलीत.

मजकूरवाली : हे 'दर्जेदार'च्या जागी.

बागायतदार : आणि 'जगद्विख्यात'?

मजकूरवाली : त्या जागी पेटीचा भाव.

बागायतदार : भाव? उघडा? शेजारचा वाचेल ना गो!

मजकूरवाली : तो वाचेलच. पण गिऱ्हाईक भाव दिसला नाही की पुढच्या दुकानात जातं.

बागायतदार : घाल बाई. (थोडं थांबून) पण काय गो, सगळं तिथंच वाचायला मिळालं तर मला फोन कोण करणार?

मजकूरवाली : कोणी नाही. तेवढा वेळ वाचेल तुमचा.

बागायतदार : वाचवलेला वेळ घेऊन मे महिन्याच्या दुपारी मी पडवीत करू काय? (इकडेतिकडे बघून, हळूच) एक काम कर. ते फ्रिजचं तेवढं गाळ.