एक पीस तं घ्या!

नागपूरच्या माणसाला पुण्याला जायचं असलं, की तो कपडे सगळ्यात शेवटी भरतो. आधी तळाशी संत्रा बर्फीचे डबे, मग उरलेल्या जागेत शर्ट. आमच्या गल्लीतले काका या पंथाचे महंत. हल्दीरामनं ही बर्फी देशभर नेली हे खरं, पण पुण्यापुरती ती जबाबदारी काकांनी आपणहून घेतली आहे.

साडूच्या वास्तुशांतीला निघाले, तेव्हा मीही सोबत होतो. सीताबर्डीच्या दुकानात काकांनी तीनदा विचारलं, "आजचीच आहे नं भाऊ?" नमुन्याचा तुकडा अंगठ्यानं दाबून पाहिला. खळगा पडून हळूच वर आला पाहिजे, ही परीक्षा. भुगा झाला तर माल परत. "पेढा खायचा असता तं पेढाच घेतला असता नं!"

खव्याची बर्फी जिभेवर विरघळते आणि विसरली जाते. ही संत्र्याच्या गराची. दाढेला बिलगते, चावून घेते, आणि गोडामागून आंबटपणा सावकाश येतो. काकांचं सगळं राजकारण या चिवटपणावर उभं आहे. तुकडा तोंडात गेला की समोरचा दोनेक मिनिटं मुका होतो. तेवढ्यात काका नागपूर सांगून मोकळे!

साडूभाऊंनी पहिला तुकडा घेतला आणि काका सुरू झाले. "१९५६ पर्यंत आम्ही राजधानी होतो, भाऊ. मध्य प्रदेशची! झिरो माइलचा दगड कुठं आहे? आमच्याकडं. हिवाळी अधिवेशन? १९५३ चा नागपूर करार वाचा." साडूभाऊंनी "पण..." म्हणायला तोंड उघडलं, तर त्यात दुसरा तुकडा. "कायले लाजून राह्यले? एक पीस तं घ्या!" २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ही बातमी साडूभाऊंनी नुसती मान हलवून स्वीकारली.

साडूंच्या घरच्या आजी मात्र खमक्या. कवळी काढून ठेवलेली, त्यामुळे बर्फीला हात लावलेला नव्हता आणि तोंड मोकळं होतं. त्यांनी विचारलं, "यात कोहळा घालतात म्हणे?"

काका क्षणभर गप्प. मग म्हणाले, "असन! पण नागपूरचा कोहळा, आजी."

परतीच्या गाडीत त्याच बॅगेच्या तळाशी बाकरवडी होती. काकांच्या घरी पाहुण्यांपुढे तीच येते. हिवाळ्यात आंबिया बहार आला की सोबत संत्रीही, टोपलीभर. बर्फी मात्र तिथं मी आजवर पाहिलेली नाही. ती खायची असेल तर काकांबरोबर पुण्याला जावं लागतं.